तीन ठिकाणांचा तुलनात्मक तक्ता

हे मी सांगतोय ते आमच्या बायकोसमोर, सुलभासमोर पुन्हा काढायचं नाही, एवढी अट आधी मान्य करा. मग चहा घ्या आणि ऐका. बावीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मी हजारो कागद तयार केले. कुणी वाचले असतील असं वाटत नाही. एकच कागद असा निघाला की तो अख्ख्या ऑफिसने वाचला, झेरॉक्स काढून जपून ठेवला, घरी बायकोला दाखवला. आणि तो नेमका सरकारी नव्हता.

राज्याची वाटणी व्हायची होती, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. तुम्ही हैदराबादचे असाल तर ते दिवस आठवत असतील. नसाल तर एवढंच समजा, की एका राज्याची दोन होणार होती आणि आमच्या ऑफिसात खुर्च्या, कपाटं, फायली, पंखे, सगळ्यांना चिठ्ठ्या लागल्या होत्या. हे इकडचं, ते तिकडचं. माणसांना चिठ्ठ्या लावायच्या तेवढ्या बाकी होत्या. हैदराबाद इकडच्यांचं, हे ठरलेलं. तिकडच्यांची नवी राजधानी कुठे होणार, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे काम बंद आणि अंदाज चालू.

आम्ही उमरीकर, चिक्कडपल्लीत आमची चौथी पिढी. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, भाजीवाल्याशी दखनी. मला कोण हलवणार, असं कुणीही म्हणेल. पण मला धाकधूक होतीच. तेलुगू माणसाची वाटणी सोपी, गाव विचारलं की झालं. आम्ही पडलो तिसऱ्याच भाषेचे. उरलेला पंखा जिथे हूक रिकामा असेल तिथे लावतात, तसं आम्हालाही लावतील, असं मला रोज वाटायचं.

आणि अशा दिवसांत मी घरी शब्द देऊन बसलो होतो. आमच्या थोरलीची, श्रुतीची दहावी झाली की चार दिवस मोठ्या थीम पार्कला जायचं. हा शब्द तीन वर्षं जुना होता. दर उन्हाळ्यात काहीतरी निघायचं, आणि दर उन्हाळ्यात ओंकार, आमचा तिसरीतला, विचारायचा, ''पप्पा, या वर्षी पक्कं का?'' या वर्षी नेलं नाही तर पोरं पुन्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत, हे मला पुरतं कळलेलं होतं. म्हणून मी हातापाया पडून चार दिवसांची रजा मंजूर करून घेतली होती. आता जायचं कुठे, हाच प्रश्न.

''बंगलोरवालं बेस्ट आहे. माझ्या सगळ्या फ्रेंड्स जाऊन आल्या,'' श्रुती म्हणाली.

''खोपोलीजवळचं,'' सुलभा म्हणाली. तिचा भाऊ पुण्याला राहतो, हे ती बोलली नाही, पण आम्ही ऐकलं.

मी म्हटलं, ''आपल्याच शहराबाहेर केवढं मोठं आहे. सकाळी जायचं, रात्री आपल्या घरी झोपायचं.''

''मग त्याला व्हेकेशन काय म्हणायचं? त्याला संडे म्हणतात,'' ओंकार म्हणाला.

एक आठवडा वाद चालला. शेवटी मी ठरवलं, हा प्रश्न शास्त्रशुद्ध पद्धतीने सोडवायचा. आमच्याकडे टेंडर आली की आम्ही काय करतो? नावं झाकतो. नाव दिसलं की माणूस पक्षपाती होतो. म्हणून ए, बी आणि सी. मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून, आमच्या नेहमीच्या नमुन्यात, कडक इंग्रजीत तक्ता टाइप केला. 'तीन ठिकाणांचे तुलनात्मक विवरण.' वर 'गोपनीय'. आता गोपनीय कशाला, असं विचारू नका. बोटांना सवय.

खाली रकाने. पाणी: ए भरपूर, बी अति भरपूर, सी बेताचं. चढउतार: बी डोंगरात, वयस्कर सदस्यांच्या गुडघ्यांचा विचार व्हावा. (हे आमच्या आईसाठी.) राहण्याची सोय, जेवण, गर्दी, प्रवास. महिलांसाठी केस सुकवण्याची सोय आहे किंवा नाही. (हे श्रुतीसाठी.) आणि शेरा: 'चार फुटांपेक्षा कमी उंचीच्या व्यक्तींना मुख्य बाबींचा लाभ घेता येणार नाही.' हे ओंकारसाठी. तो एका बोटाने कमी पडत होता आणि रोज संध्याकाळी दाराच्या चौकटीला लोंबकळत होता.

प्रिंट काढली, घरी नेली, फ्रिजवर लावली. सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. ए निवडून आलं, म्हणजे बंगळूरचं. सुलभाला कळलं तेव्हा ती म्हणाली, ''तुमची पद्धतच खोटी आहे,'' पण हसत म्हणाली. तिकिटं काढली. ओंकारने बॅग भरून दाराशी ठेवली. दहा दिवस आधी.

आता तुम्ही हुशार लोक. तुमच्या लक्षात आलंच असेल की ऑफिसच्या मशीनने एकाऐवजी दोन प्रती काढल्या होत्या, आणि एक मशीनच्या ट्रेमध्येच राहिली होती. माझ्या लक्षात आलं नाही. खरं सांगतो, तेव्हाही नाही आणि पुढचे सहा दिवसही नाही. माझ्या दृष्टीने तो तक्ता आमच्या फ्रिजवर होता.

तीन दिवसांनी यादगिरी माझ्या टेबलाशी आला. आमचा सर्वांत जुना अटेंडर. ऑफिसात काय होणार ते साहेबांच्या आधी त्याला कळतं. खुर्ची ओढून बसला, म्हणजे बातमी मोठी होती.

''साब, कागद आगया,'' तो हळूच म्हणाला.

''कौनसा कागद?''

''नई राजधानी का. तीन जगा हैं बोलके लिखे. नाम नै लिखे, खाली नंबर हैं. टॉप सीक्रेट है.''

म्हणजे ठरलं तर. इतके दिवस सगळा अंदाज होता, आता कागद आला. सरकारी माणसाला कागदाइतकी दुसरी कशाची भीती वाटत नाही.

''कैसी जगा हैं?''

''एक में पानी बेहिसाब है बोलते, पन पहाड़ में है. बुड्ढे लोगां को तकलीफ. एक में गर्मी भोत. यूनियनवाले बोल रैं, पैलीवाली फायनल है.''

डोंगरात राजधानी? आणि यादगिरी पुढे वाकून म्हणाला, ''और एक बात. इस महीने जो छुट्टी पे रैंगा ना साब, उसका नाम पैली लिस्ट में. सीट खाली दिखी, नाम डाले.''

ही शेवटची ओळ माझ्या तक्त्यात नव्हती. ती कुणी घातली, देव जाणे. पण मला तीच पटली. ऑफिसात असंच होतं हो. जो हजर नाही त्याच्यावर काम टाकायचं, हे मी स्वतः बावीस वर्षं करत आलोय.

माझं डोकं चालेना. आईचे गुडघे, श्रुतीचं कॉलेज, चौथ्या पिढीचं घर, आणि मी कुठल्यातरी डोंगरात पंख्यासारखा लटकलेला. मी त्याच दुपारी अर्ज लिहिला: 'मंजूर झालेली रजा मी स्वखुशीने रद्द करत आहे.' साहेबांच्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी नामपल्ली स्टेशनला उतरून तिकिटंही रद्द केली. खिडकीवरच्या माणसाने दोनदा विचारलं, ''नक्की?'' मी म्हटलं, ''नक्की.''

घरी सांगितलं. श्रुती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ओंकारने दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि एकेक कपडा कपाटात परत ठेवला. रडला असता तर बरं झालं असतं.

''अहो, पण असा कागद तुम्ही पाहिला का?'' सुलभाने विचारलं.

''सगळ्यांनी पाहिलाय.''

''तुम्ही?''

या बाईला सरकारी नोकरी लागायला हवी होती, मला नाही.

नंतरचे तीन दिवस ऑफिसात दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे ए म्हणजे समुद्राकाठी, कुणी म्हणे कृष्णेकाठी. अकाउंट्सच्या बाईंनी जन्मदाखला शोधायला माहेरी फोन केला. मीही त्या चर्चेत हिरिरीने भाग घेतला. 'बीला पाणी अति भरपूर म्हणजे पुराचा धोका,' हे मत माझं होतं आणि ते फार लोकांना पटलं.

शनिवारी यादगिरीने माझ्यासमोर घडी केलेला कागद ठेवला. ''तुम्हारे वास्ते खास. पढ़के जला देना.''

झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. अक्षरं पुसट झालेली. मी चष्मा लावून वाचायला लागलो. पाणी. बरोबर. चढउतार, गुडघे. बरोबर, यादगिरीने सांगितलंच होतं. सरकारने या वेळी ज्येष्ठांचा विचार केला हे मला आवडलंसुद्धा. मग पुढची ओळ वाचली. महिलांसाठी केस सुकवण्याची सोय.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सोय तिथेच होती. त्याखाली उंचीची अट, आणि तिच्या बाजूला कुणीतरी लाल शाईने चिडून लिहिलेलं: 'भरतीच्या वेळी ही अट नव्हती. आम्ही कोर्टात जाऊ.'

अहो, मी मलाच घाबरलो होतो. माझ्याच तक्त्यावर मी तीन दिवस चर्चा केली, मतं दिली, पुराचा इशारा दिला. माझ्याच तक्त्यापायी पोरांची सुट्टी मोडली. लाज म्हणजे किती, आणि भीती तर त्याहून मोठी, कारण तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं.

आमचे डेप्युटी सेक्रेटरी साहेब शांत माणूस, शिपायालाही तेलुगूतलं आदराचं 'गारू' लावणारे. महिनाअखेरीला रिटायर होणार होते. त्यांच्यापुढे तोच कागद होता.

''उमरीकरगारू, हा कागद कुठून आला ते वरून विचारतायत. तुमचा ड्राफ्ट चांगला असतो. चौकशी करून तुम्हीच रिपोर्ट द्या.''

आता माझी चौकशी मीच करायची. मी उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. थीम पार्क, फ्रिज, गुडघे, उंची. साहेब ऐकत होते. मग त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, सावकाश, या वेळी घसरगुंड्यांचा म्हणून. मला वाटलं, झालं, नोकरी गेली.

''नमुना व्यवस्थित आहे,'' ते म्हणाले. ''यातलं ए कुठलं?''

''बंगळूर, सर.''

''माझी नातवंडं आली आहेत. तुम्ही रजा सोडलीत, म्हणून तेच चार दिवस मी घेतले. कुठे जायचं ते ठरत नव्हतं. मागे सेक्शन तुम्ही सांभाळा. वरच्यांना मी समजावतो.''

अशा रीतीने माझ्या तारखांना, माझ्या तक्त्यावरून, साहेब माझ्या थीम पार्कला गेले आणि मी त्यांच्या फायली पाहत बसलो. घरी हे सगळं सांगितलं तेव्हा सुलभा हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. ''पोरांना तुम्हीच सांगा,'' एवढंच म्हणाली. मी सांगितलं. ओंकारने विचारलं, ''म्हणजे आपल्याला कुणीच अडवलं नव्हतं?''

मी त्याची रिकामी बॅग माळ्यावर ठेवायला उठलो.

महिन्याचा शेवटचा दिवस. साहेबांचा निरोप समारंभ दुपारी होता. सकाळी त्यांच्याकडून यादगिरी माझा तक्ता घेऊन आला, फाइलला लावलेला. त्यावर त्यांच्या हिरव्या शाईत शेरे. 'जेवण: विवरणात दिलंय तितकं चांगलं नाही.' 'केस सुकवण्याची यंत्रं: दोनच, रांग मोठी.' आणि शेवटी: 'हे विवरण ऐकीव माहितीवर आधारलेलं आहे. संबंधितांनी ठिकाणाला प्रत्यक्ष भेट द्यायला हवी होती.'

हिरव्या शाईत असं काही आलं की माझा हात आपोआप चालतो. खुलासा मागितला की खुलासा द्यायचा, त्यात डोकं लागत नाही. मी लगेच खाली लिहिलं, 'कार्यालयीन कामाच्या व्यापामुळे प्रत्यक्ष भेट देणे शक्य झाले नाही. सदर कामाचा व्याप पाहता यापुढेही शक्य होईल असे वाटत नाही.' सही केली, फाइल परत पाठवली. बरं वाटलं. खुलासा नेटका झाला होता.

समारंभ झाला. हार झाले, भाषणं झाली, साहेब गाडीत बसून गेले. संध्याकाळी ती फाइल माझ्या टेबलावर परत आली. ठेवून देण्याआधी मी सहज पान उलटलं. साहेबांचा शेरा मागच्या बाजूला पुढे चालू होता, आणि मी तो सकाळी पाहिलाच नव्हता.

'म्हणून श्री. उमरीकर यांना सोमवारपासून चार दिवस सहकुटुंब भेटीसाठी रजा मंजूर करण्यात येत आहे. माझ्या सहीने.'

त्याखाली त्याच हिरव्या शाईत, दुपारची आणखी एक ओळ होती: 'श्री. उमरीकर यांच्या खुलाशावरून रद्द.'