राखून ठेवलेली तीन प्रकरणं

नगरहून आष्टीची एसटी धरली तेव्हा पिशवीत मुलांची एक कादंबरी होती. युद्धामुळे देश सोडलेल्या, आईपासून तुटलेल्या दोन भावंडांची ती गोष्ट. आष्टीपुढच्या एका शाळेत चार दिवस ती वाचून दाखवायची होती. हे काम आपल्याइतकं कुणाला जमत नाही, असा माझा तोरा होता.

पुढची जीप चढावर बंद पडली, ती आम्ही प्रवाशांनीच ढकलली. शाळेच्या गुरुजींच्या घरी बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला होता. "खा की ताई, लाजता कावून (का)?" गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

वर्गात वाचताना गोष्टीत निर्वासितांचा तंबू आला. मी समजावू लागले, तर पहिल्या बाकावरची सातवीतली सोनाली म्हणाली, "म्हाईत हाय बाई. आमची कोपी (पाचटाची झोपडी) तसलीच असती." मी हसून पान उलटलं.

चौथ्या दिवशी तीन प्रकरणं उरली असताना मी पुस्तक मिटलं. उत्सुकता ताणली की गोडी वाढते, हे माझं जुनं तंत्र.

"उरलेलं दिवाळीनंतर."

"आजच वाचा ना बाई," सोनाली म्हणाली. "त्यांची आई घावती का, तेवढं तरी सांगा."

"मग मजा काय राहिली?"

दारातले गुरुजी जरा घुटमळले, मग घंटा द्यायला वळले.

दिवाळीनंतर पुन्हा निघाले. समोरून भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि माणसांनी भरलेले ट्रक येत होते. मी खिडकीतून फोटोही काढले. शाळेत पोचले तर निम्मे बाक रिकामे.

"टोळ्या गेल्या ताई, ऊस तोडायला," गुरुजी म्हणाले. "दिवाळी झाली की आई-बापामागं लेकरंबी जातात. तुमाला म्हाईत आसंल, वाटलं."

"सोनाली?"

"कर्नाटकात. धाकट्या भावाला सांभाळाया नेली."

"पुस्तक पाठवता येईल?"

"कुठं? ऊस सरला की कोपी पुढच्या शेतात. पत्ता कसला ताई?"

माझं वरातीमागून घोडं. तरी उरलेल्या मुलांसाठी पुस्तक उघडलं, तर मागून एक मुलगी म्हणाली, "शेवट आमाला म्हाईत हाय. सोनीनं जायच्या आदी सांगितला. आई घावती. मग समदी गावाला येत्यात, अन् हजेरीत त्यांची नावं तशीच असत्यात."

पुस्तकात आई सापडत नाही. भावंडं गावीही परतत नाहीत. मी पुस्तक मिटलं आणि सोनालीसाठी गुरुजींकडे ठेवून आले.

परतीच्या एसटीत पिशवी हलकी होती, मला मात्र स्वतःची लाज वाटत होती. सोनाली उन्हाळ्यात येईल तेव्हा तो शेवट तिला एकटीने वाचावा लागेल. त्या दिवशी वाचला असता तर मी शेजारी असते. अर्ध्या तासाचं काम होतं.