नाकावरचे दोन वण

आता जिवंत माणसं माझ्यासमोर येऊन बसतात, चित्रांची प्रदर्शनं होतात. पण ऐंशीच्या दशकात उल्हासनगरच्या माझ्या दुकानात फक्त मेलेली माणसं यायची, तीही पासपोर्ट साइज फोटोतून. त्यावरून मी मोठं तैलचित्र करायचो आणि घरचे त्याला हार घालायचे. सिंधी दुकानदार सांगत, "साईं, पापा को थोड़ा हँसा दो." पापा आयुष्यात कधी हसले नसतील, पण मी हसवायचो.

मला पुरुष आवडतात हे शाळेपासून ठाऊक होतं. ते ज्याला सांगावं असं माणूस मात्र भेटलं नव्हतं. मग तो भेटला. अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी होता, वडिलांचं चित्र करून घ्यायला आलेला. चित्र नेल्यावरही येत राहिला. रविवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत चष्मा काढून माझ्या शेजारी झोपायचा. चष्म्याने त्याच्या नाकावर दोन वण पडले होते. मी ते बोटाने चाचपायचो.

"तुझं चित्र काढू दे की," मी म्हणायचो.

"नको बाबा. तुझा ब्रश लागला की हार चढतो."

चेष्टाच होती, पण मला राग यायचा. जगाचे बाप रंगवायचे आणि हवा तो एक चेहरा नाही! मग त्याचं लग्न झालं, बदलापूरला शिरगावात बिऱ्हाड झालं आणि येणं बंद पडलं. मीही गेलो नाही. कोण म्हणून जाणार?

सात-आठ वर्षांनी एक बाई दुकानात आल्या. पर्समधून फोटो काढून टेबलावर ठेवला. तो होता.

"माझे मिस्टर. अटॅक आला," त्या म्हणाल्या. "चष्म्यावर फ्लॅश चमकलाय, डोळेच दिसत नाहीत. चष्म्याशिवाय काढाल? तेराव्याला हवंय."

त्यांच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता. फ्रेम केवढी हवी ते विचारलं.

चार दिवस दुसरं काम घेतलं नाही. फोटोकडे फारसं बघावंच लागलं नाही.

चित्र न्यायला आल्या तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग बोट नाकाजवळ नेलं. ते दोन वण. फोटोत चष्म्याखाली झाकलेले होते, आणि मी ते काढून बसलो होतो.

"हे तुम्हाला कसे कळले?"

"चष्मेवाल्यांना असतातच," मी म्हणालो. रंग अजून ओला होता. ब्रश उचलला. "पुसून देतो."

"डावा जास्त खोल होता. तुम्ही तसाच काढलाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते चष्मा फक्त झोपताना काढायचे."

त्यांनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"तेराव्याला या. जेवायलाच या."

गेलो. घरच्यांचे हार घालून झाल्यावर त्यांनी एक माझ्या हातात दिला. मागून कोणीतरी विचारलं, "हे कोण?"

"पेंटर," त्या म्हणाल्या, आणि मी त्याला हार घातला.