बोटांचे ठसे नसलेला टर्नर

पेनसिल्व्हेनियातील मोनोंगहेला नदीच्या काठी असलेल्या बेल फेरी या गावात लेनर्ड हुडाक यांनी अडतीस वर्षे टर्नर म्हणून, म्हणजे लेथवर धातू कातणारा कारागीर म्हणून, नोकरी केली. पोलाद गिरण्यांना लागणारे दांडे, कड्या आणि झडपांचे भाग त्यांनी हजारोंनी कातले. त्यांतील प्रत्येकावर कंपनीचा शिक्का आणि एक क्रमांक उमटत असे. लेनर्ड यांचे नाव एकावरही नव्हते. यात काही अन्याय आहे असे त्यांना कधी वाटले नाही, कारण रीतच तशी होती. पुढे कंपनी बंद पडली आणि इमारतही पाडली गेली. तेव्हा मात्र त्यांच्या ध्यानात आले की, आपण केलेली एकही वस्तू हातात घेऊन ‘ही माझी’ असे आपल्याला म्हणता येणार नाही.

एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी आपल्या रायफलीसाठी स्वतःच्या हाताने सायलेन्सर, म्हणजे बाराचा आवाज कमी करणारी नळी, करण्याचे ठरवले. विचारणाऱ्याला ते कानांचे कारण सांगत, आणि ते खोटे नव्हते. उजवा कान कारखान्यात गेला होता, डावा अर्धाच उरला होता, आणि बंदुकीच्या प्रत्येक बाराने तोही झिजेल असे डॉक्टरांनी बजावले होते. तयार सायलेन्सर दुकानात मिळतो हे त्यांना ठाऊक होते. परंतु जो माणूस सरकारची परवानगी घेऊन तो घरी करतो, त्याने त्यावर आपले नाव आणि गाव कोरलेच पाहिजे, असा नियम आहे. तो नियम वाचला त्या दिवसापासून लेनर्ड यांच्या मनाने घेतले.

दुसरा नियमही तितकाच कडक आहे. अर्ज, फोटो आणि दहा बोटांचे ठसे वॉशिंग्टनला पाठवायचे, आणि मंजुरी हातात पडेपर्यंत धातूला एक भोकही पाडायचे नाही. पाडले तर तुरुंग, आणि पुढे आयुष्यभर बंदुकीला हात लावायची बंदी. म्हणून लेनर्ड यांनी त्यासाठी आणलेला धातूचा दांडा तळघरात लेथशेजारी कागदात गुंडाळलेलाच पडून होता. जानेवारीत त्यांनी ठसे पाठवले, ते वाचता येत नाहीत म्हणून परत आले. एप्रिलमध्ये पुन्हा पाठवले, तेही परत आले.

जूनमध्ये ते तिसऱ्यांदा शेरीफच्या कचेरीत गेले. ठसे घेणाऱ्या मेरीबेथ योस्ट या हवालदार बाईंनी त्यांचा अंगठा शाईत फिरवून कागदावर टेकवला. कागदावर नुसता काळा गोळा उमटला.

“मिस्टर हुडाक, ही बोटं आहेत की साबणाच्या वड्या?”

“अडतीस वर्षं लेथवरचं कूलंटचं पाणी आणि लोखंडाचा कीस. बोटांचं काय राहणार?”

“मग बँक लुटा की! कुणी पकडणार नाही तुम्हाला.”

“ठशांवरून नाही पकडणार. पण पळताना पकडतील ना.”

बाई हसल्या. मग त्यांनी लेनर्ड यांचा पंजा उताणा करून दिव्याखाली नीट पाहिला. “ऐका माझं. आज पाठवलंत तर हेही परतच येतील. तीन आठवडे हाताला काम देऊ नका. लेथ नको, बाग नको, भांडी नकोत. रात्री मलम चोळा आणि दिवसरात्र सुती हातमोजे घाला. कातडी भरून येते, तशा रेघाही थोड्या वर येतात.”

“तीन आठवडे मी करू काय?”

“लोक निवृत्त होतात म्हणजे काय करतात? तेच करा.”

घरी पत्नी डोलोरेसबाईंनी सगळे ऐकून घेतले. नवऱ्याला ऐकू जावे म्हणून त्या नेहमीच मोठ्याने बोलत, आणि त्यामुळे त्यांचा घसा कायम बसलेला असे. “शेहेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस एकदा रिकामा बसला नाही,” त्या म्हणाल्या, “आणि आता सरकारला ओळख पटावी म्हणून बसणार! बस बाबा, बस. बरण्यांची झाकणंसुद्धा मीच उघडते.”

लेनर्ड बसले. पहिला आठवडा त्यांनी अस्वस्थपणे काढला. समोरच्या ओसरीतून टोमॅटोच्या रोपांत वाढणारे तण ते नुसते पाहत राहत. दुसऱ्या आठवड्यात त्यांना निराळाच अनुभव आला. दुपारी खुर्चीत डोळा लागला की तो संध्याकाळीच उघडे. इतकी वर्षे अंगात किती शीण साठला होता हे, हात थांबल्यावरच त्यांना कळले. शिणाबरोबर शंकाही आली. एक नळी करण्यासाठी सहा महिने गेले होते, आणि अद्याप कशाचाच पत्ता नव्हता.

शेजारचे रेजिस पाल्को हे डांबरी छपरे घालणारे जुने कारागीर. ते एका संध्याकाळी ओसरीवर आले आणि हातमोज्यांकडे पाहून म्हणाले, “काय रे लेन, चर्चमधली नवरी झालास का?”

“गप्प बस.”

“दांडा खाली पडलाय ना? मंजुरी आज ना उद्या येणारच. सुरू करून टाक. तुझ्या तळघरात कोण बघायला येतंय?”

“डोलोरेस येते. कपडे धुवायला.”

“बरं, तू नको करूस. माझ्या भाच्याकडे लेथ आहे, तो करून देईल.”

“त्याने केलं तर तो गुन्हा. आणि तो माझा कसा?”

 रेजिस बिअर संपवून निघून गेले. त्यांच्यासमोर लेनर्ड ठाम राहिले खरे, परंतु त्याच रात्री मलम चोळून घेताना ते पत्नीला म्हणाले, “दमलो मी. सोडून देऊ. तयार घेतो दुकानातून.”

डोलोरेसबाईंनी मलम चोळणे थांबवले नाही. “घे की. त्यावर नाव कुणाचं असेल?”

“कंपनीचं.”

“हं. दुसरा हात दे.”

लेनर्ड यांनी दुसरा हात पुढे केला. तो विषय पुन्हा निघाला नाही.

तीन आठवड्यांनंतर मेरीबेथ बाईंनी प्रत्येक बोट दोनदा टेकवले. रेघा फिक्या होत्या, तुटक होत्या, पण होत्या. तो कागद वॉशिंग्टनला स्वीकारला गेला आणि सप्टेंबरच्या अखेरीस मंजुरी आली.

पूर्वी लेनर्ड यांनी असे काम तीन दिवसांत उरकले असते. आता अकरा दिवस लागले. बोटे आखडली की ते लेथ बंद करून पायरीवर बसत, आणि मोकळी झाली की पुन्हा उठत. शेवटचे दोन दिवस केवळ अक्षरे कोरण्यात गेले.

रेजिस यांच्या घरामागच्या उतारावर, मातीच्या ढिगाऱ्यासमोर, त्यांनी पहिली गोळी झाडली.

“एवढंच?” रेजिस म्हणाले. “चांगला मोठा आवाज आला की! सिनेमात तर उंदीर शिंकल्याएवढा येतो.”

“सिनेमातल्या माणसाला ठसे द्यावे लागत नाहीत.” लेनर्ड यांचा कान मात्र वाजत नव्हता. त्यांनी आणखी चार गोळ्या झाडल्या आणि तो तेव्हाही वाजला नाही.

“मलाही एक करून दे.”

“देता येत नाही. तुझा तूच अर्ज भर.”

रेजिस यांनी आपली डांबराने काळवंडलेली बोटे पुढे धरून पाहिली आणि ते पुटपुटले, “जाऊ दे. मी कानात कापूस घालीन.”

आपल्याला मोठा आनंद होईल, अशी लेनर्ड यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन पाळ्या सलग केल्यावर येतो तसा थकवा आला. त्यांनी घरी येऊन ती नळी पुसली आणि कपाटात न ठेवता जेवणाच्या टेबलावर ठेवली. डोलोरेसबाईंनी कोबी आणि शेवयांचे पातेले बाजूला सरकवले, चष्मा लावला, नळी उजेडाकडे फिरवली आणि लेनर्ड यांच्या डाव्या कानाशी वाकून मोठ्याने वाचले, “लेनर्ड ए. हुडाक. बेल फेरी, पेनसिल्व्हेनिया.” मग त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवले. “शेवटचं अक्षर थोडं खाली गेलंय.”

“माहीत आहे मला,” लेनर्ड म्हणाले, आणि त्यांनी ताट पुढे ओढले.