माशांच्या जेवणाची वेळ

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या एका कॉलेजात एक प्राध्यापक माशांना क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ टोचत असत. कशाला, तर माणसाचा रोग कळावा म्हणून! आमच्या संघटनेची पत्रकं वाटताना हे मला तिथल्या पोरांनी सांगितलं. मढला मासे विकणाऱ्या माझ्या आत्याच्या बोटात काटा घुसून जखम कित्येक महिने चिघळत होती आणि डॉक्टर बोट कापायला निघाला होता. हाच जंतू असेल तर? मी तिला थेट प्रयोगशाळेत नेलं.

बोट बघताच प्राध्यापकांनी काचेच्या टाकीवर झाकण ओढलं. "हात लांब ठेवा बाई, माझे निरोगी मासे बिघडतील."

"सर, आणि हिचं बोट?"

"मी माणसं तपासत नाही."

"मग मासे कुणासाठी मारता?"

"मानवजातीसाठी."

आत्या हसली. "चल रे, आपण त्यात नाय."

मी टाकीची वाट अडवून स्टुलावर ठाण मांडलं. डॉक्टरला फोन करा, कापण्याआधी हा जंतू तपासायला सांगा, तोवर उठणार नाही. साहेब वहीत आकडे लिहीत बसले. शेवटी माशांच्या जेवणाची वेळ टळू लागली, तेव्हा कुठे त्यांनी चडफडत फोन फिरवला.

जंतू तोच निघाला. बोट वाचलं. पण त्या गृहस्थांना घाई होती ती माशांची.