नऊ नंबरची रिकामी बरणी

मीटरबाईच्या फडताळात गल्लीतल्या प्रत्येक घराच्या नंबराची एक काचेची बरणी आहे, प्रत्येक बरणीत एक कोळी आहे, आणि ज्या घराशी बाईचं बिनसेल त्या घराची बरणी ती उघडते, अशी आमच्याकडे बातमी होती. पुढचं वाक्य आवाज खाली आणून सांगायचं असे: नवऱ्याची बरणी तिनं सगळ्यांत आधी उघडली.

मला ही बातमी टेलरकाकूनं सांगितली. खोटं कशाला बोलू, मुळात तिला ती मीच सांगितली होती. पण चार दिवस गल्लीत फिरून ती माझ्याकडे परत आली तेव्हा खाऊनपिऊन इतकी गुटगुटीत झाली होती, की मी तिला ओळखलंच नाही.

मीटरबाई म्हणजे विजेच्या मीटरचे आकडे टिपून नेणारी बाई. नोकरी नवऱ्याची, तो गेला आणि कंपनीनं ती हिला दिली. बांधा सडपातळ, खांद्यावर कापडी पिशवी, हातात कोपरापर्यंत येणारे चामडी मोजे, कमरेला टॉर्च. आमच्या घरांचे मीटर दाराबाहेर, भिंतीतल्या लाकडी पेट्यांत. त्या पेट्यांना आम्ही कधी हात लावत नसू. मीटर कंपनीचं, तेव्हा आतली जळमटंही कंपनीचीच, असा सरळ हिशेब. पेटीखाली एक कोनाडा असे, तो मात्र आमचा. त्यात घरादाराची पायताणं.

बाई पेटी उघडण्याआधी विणकामाच्या सुईनं पेटीच्या दारावर तीनदा ठोकायची. मग कान लावून उभी राहायची. टक, टक, टक, आणि शांतता. भर दुपारीसुद्धा ते ऐकलं की पाठीवरून काहीतरी चालत गेल्यासारखं वाटे.

"हाक मारते ती," टेलरकाकू म्हणायची. "आतून उत्तर आल्याशिवाय दार उघडत नाही."

"आणि उत्तर देतं कोण?"

"ते तुम्ही विचारा. तुमच्या दारात तर ती पाचदा ठोकते."

हे खरं होतं. इतरांकडे तीनदा, माझ्याकडे पाचदा. नऊ नंबर.

त्या बरण्या मी पाहिल्या त्या अशा. एकदा माझ्या मीटरचा आकडा चुकीचा लागला, म्हणून तक्रार घेऊन मी बाईच्या खोलीवर गेलो. खोली लख्ख. इतकी लख्ख, की आपणच तिथं केर आहोत असं वाटावं. पलंग भिंतीपासून सुटा, खोलीच्या मधोमध, बेटासारखा. चादर चारी बाजूंनी वर खोचलेली, तिचं टोकही जमिनीला लागत नव्हतं. बूट खुंट्यांवर उलटे टांगलेले. दाराच्या खालच्या फटीला रबराची पट्टी, खिडकीच्या भेगा पुट्टीनं बुजवलेल्या. आणि फडताळात बरण्या, एकीला लागून एक, प्रत्येकीवर आमच्या घराचा नंबर. आत पाण्यासारखं काहीतरी आणि त्यात पाय आवळून बसलेले ते.

मी दाराशीच थिजलो.

"घाबरू नका काका, मेलेत. स्पिरिट आहे आत."

"सगळे मेलेत?"

"बरणीतले."

तिनं पाच नंबरची बरणी माझ्या नाकापुढे धरली. आतला कोळी तळहाताएवढा. "हा भिंतीवर फतकल मारून बसतो. तुम्ही किंचाळून शेजार गोळा करता. बिचारा झुरळं खातो. याला कागदावर घ्या आणि बाहेर सोडा, बस्स." मग अकरा नंबरची बरणी उचलली. आत काळा मणी असावा तसं काहीतरी, वाटाण्याएवढं, चकचकीत. तिनं बरणी कलती केली. पोटाखाली लाल खूण होती, डमरूच्या आकाराची. "ही मादी. ही भिंतीवर मिरवत नाही. खाली, कोरड्यात, अंधारात, उलटी लटकून बसते. हिच्या जाळ्याला ना शेंडा ना बुडखा, नुसता गुंता. पण काडी घालून ओढलं की करकर वाजतं. साध्या कोळ्याचं जाळं आवाज करत नाही. मोठ्याला बघून तुम्ही पळता, आणि हिच्या शेजारी रोज पायातलं काढून ठेवता."

"ही कुठं सापडली?"

"टेलरकाकूंच्या मीटरच्या पेटीत. खालचे बूट-चपला हलवा म्हणून तिथल्या तिथं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं."

"पण हे जमवता कशासाठी?"

"ओळख पटवायला."

कोणाची, ते मी विचारलं नाही, कारण माझं लक्ष तेवढ्यात नऊ नंबरकडे गेलं होतं. स्वच्छ धुतलेली बरणी. झाकण घट्ट. आत काही नाही.

"माझी रिकामी आहे," मी म्हणालो. "म्हणजे आमच्याकडे कोळी नाही तर!"

"असं मी म्हटलं नाही," बाई म्हणाली आणि माझा चुकलेला आकडा दुरुस्त करायला बसली.

त्या संध्याकाळी मी टेलरकाकूला सगळं सांगितलं. फक्त 'मेलेले' हा शब्द गाळला. गोष्ट सांगताना एखादा शब्द गळतो माणसाचा. पुढचं काम काकूनं केलं. ती आमच्या गल्लीची बिनपगारी वार्ताहर.

झालं. बाई आली की खिडक्या लागू लागल्या. ती दाराबाहेरून सांगायची, लाकडं घराच्या भिंतीला टेकवून रचू नका, बूट घालण्याआधी उलटा करून आपटा, अडगळीत हात घालताना मोजे घाला, दारावरचा दिवा उगाच जळत ठेवू नका, दिव्याला किडे येतात आणि किड्यांमागून हे. काकू आतून ओरडायची, "आधी सोडायचे, मग उपाय सांगायचे! छान धंदा आहे!" लोकांनी कोणी कापराच्या पुड्या टांगल्या, कोणी उंबऱ्यावर फिनेल ओतलं. बाई हसली नाही. "वासानं झुरळ जात नाही, ही कशी जाईल?" एवढंच म्हणाली आणि पुढच्या पेटीवर ठोकलं.

मी मात्र रोज अंथरूण झटकू लागलो. माझी बरणी रिकामी होती ना. भरलेल्या बरणीचं एक बरं असतं, आतला कुठं आहे ते कळतं.

महिनाभर गेला असेल. ढगाळ दुपार, वारा पडलेला, बाई गल्लीत आकडे टिपत होती. मी ओट्यावर बसून तिचं टक टक मोजत होतो. तेवढ्यात टेलरकाकूची सून धावत आली, केस विस्कटलेले. तिची चार वर्षांची पोर, तिला सगळे छकुली म्हणत, सकाळी खेळता खेळता रडू लागली म्हणून हॉस्पिटलात नेली होती. ही तिचे कपडे न्यायला परत आली होती.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"पोट फळीसारखं कडक झालंय, काका. हात लावू देत नाही. घामानं चिंब भिजलीय. डॉक्टर म्हणतात अपेंडिक्स. तासाभरात पोट उघडणार."

समोर बाईचं ठोकणं थांबलं.

"ताप आहे?" तिनं विचारलं.

सून दचकली. "नाही."

"आधी काय दुखत होतं? पोटच?"

"आधी... पाय. अंगठा धरून रडत होती. आम्हाला वाटलं ठेच लागली."

"पायात काय होतं?"

"लाल बूट. कोनाड्यातले."

बाईनं वही ओट्यावर टाकली. टेलरकाकूच्या कोनाड्यातून ते लाल बूट काढले, वहीचा कोरा कागद जमिनीवर पसरला आणि डावा बूट त्यावर आपटला. माती, एक खडा. उजवा आपटला. काही नाही. मग विणकामाची सुई आत घालून हळूच फिरवली.

करकर.

इतका बारीक आवाज, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आला. सुईला गुंता लागून आला, आणि त्या गुंत्यात वाटाण्याएवढी पांढुरकी गोळी.

"अंडी आहेत," बाई म्हणाली. "आई नाही इथं."

सून अंग चोरून मागं सरली. बाई पळत गेली, पळत आली. हातात अकरा नंबरची बरणी. एव्हाना टेलरकाकू दारात येऊन उभी होती.

"ही डॉक्टरना दाखवा," बाई सुनेला म्हणाली. "म्हणावं, हिच्या जातीची चावलीय. अंगठ्यावर भिंग धरून बघा, दोन ठिपके असतील. हिच्या विषानं पोट कडक होतं, अपेंडिक्ससारखंच. कापू नका म्हणावं."

काकूनं बरणीवरचा आकडा वाचला आणि तिचा चेहरा उतरला. मग तो चढला.

"बघा! बघा सगळ्यांनी! आमचा नंबर! म्हटलं नव्हतं मी? आमच्या नावानं ठेवलेली! पोरीला हिनंच..." तिनं सुनेचा हात धरला. "ती बरणी घरात नको, पोरीजवळ नको. हात लावशील तर बघ!"

"काकू, ती मेलेली आहे," बाई म्हणाली.

"मेलेली? मग चावली कोण?"

काकूनं माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना? तुम्हीच सांगितलंत. बोला की!"

तासातली दहा मिनिटं गेली होती. मी तोंड उघडलं.

"मेलेले होते," मी म्हणालो. "सगळेच. तेवढं सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं?" काकू म्हणाली.

सुनेनं हात सोडवून घेतला. "सासूबाई, तुम्ही आणि काका बसा भांडत. माझी पोर आत आहे." बरणी पदराखाली धरली आणि ती निघाली. कपडे घरातच राहिले. बाई तिच्या मागं गेली, हातात तो लाल बूट, सुईसकट.

पुढचं सुनेनं सांगितलं ते असं. छकुलीला ऑपरेशनला आत नेत होते. डॉक्टर आधी वैतागला. मग त्यानं बरणी उजेडात धरली, कलती केली, पोरीच्या अंगठ्यावर भिंग धरलं. दोन ठिपके, टाचणीच्या टोकाएवढे. पोट उघडायचं थांबलं. विषावरचं इंजेक्शन दुसऱ्या हॉस्पिटलातून मागवलं. दिवे लागायच्या सुमाराला पोट मऊ पडलं आणि पोरीनं लाल बूट मागितले. ते तिला दिले नाहीत.

टेलरकाकूनं माफी मागितली नाही. तिच्या घरात ती पद्धत नाही. पण दुसऱ्या दिवशी कोनाडा रिकामा झाला, धुतला गेला, पलंग भिंतीपासून हातभर सरकला. बाई चार दिवस त्या घरात सुई आणि टॉर्च घेऊन शोधत होती. काकू मागं मागं चहा घेऊन. चौथ्या दिवशी शिवणयंत्राच्या पायपट्टीखाली ती मादी सापडली, ज्या पट्टीवर काकू इतके दिवस अनवाणी पाय हलवत होती. काकूनं हातातला चहा खाली ठेवला, आणि त्या दिवसापासून ती चपला झटकून, पायात घालूनच यंत्रावर बसते.

त्याच आठवड्यात बाई माझ्या दारात आली. टक, टक, टक. टक, टक.

"माझ्याकडे पाचदा का?" मी विचारलं. "आणि माझी बरणी रिकामी का?"

तिनं पिशवीतून एक जुनी वही काढली, नवऱ्याची. शेवटचं लिहिलेलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. एक नंबरपासून आठ नंबरपर्यंत आकडे सरळ, वळणदार. नवव्याचा आकडा वाकडा. दहाची ओळ कोरी.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं. "इतकी वर्षं?"

"वही होती ना."

तर खरी हकिगत अशी. मीटरबाईनं कोणाच्याही घरात कोळी सोडला नाही. प्रत्येक घरात जो कोळी सापडला तो ती त्या घराच्या नंबराच्या बरणीत ठेवत असे, म्हणजे कोणाला काही चावलं तर डॉक्टरला दाखवता यावं. तिच्या नवऱ्याला आकडे टिपताना बोटाला चावलं. टाचणी टोचली असं तो घरी म्हणाला. पोट कडक झालं, हॉस्पिटलात पोट उघडलं, आत काही निघालं नाही, आणि तिसऱ्या दिवशी तो वारला. कशानं, ते तेव्हा कोणी सांगू शकलं नाही. चावलं ते नऊ नंबरच्या पेटीत. पेट्यांना आम्ही हात लावत नसू असं मी म्हटलं खरं, पण कोनाड्यात जागा नव्हती म्हणून तिथं मी माझे जुने बूट कोंबून ठेवले होते. तो कोळी सापडला नाही, म्हणून आतलं मागं सरावं यासाठीचे ठोके माझ्याकडे दोन जास्त, आणि म्हणूनच ती बरणी रिकामी आहे.