चौथा पेड

इथले अनुभव मी नेहमी वाचते आणि बहुतेक वेळा मनातल्या मनात हसते. मी पेणच्या एका शाळेत भूगोल शिकवते. 'अमक्या वडाखाली बाई दिसते' असं कुणी विद्यार्थी म्हणाला की त्याला तिथेच उभं करून उलटतपासणी घेणारी मी... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण कुणाला तरी सांगायला हवं.

आमच्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांसाठी एक अवॉर्डचा उपक्रम चालतो. त्यात तीन गोष्टी करायच्या असतात. दर आठवड्याला कुणाची तरी सेवा, एखादं कौशल्य आणि शेवटी तंबू ठोकून डोंगरात मुक्काम. हे सगळं जमलं की बॅज मिळतो. मी त्याची कोऑर्डिनेटर.

प्राजक्ता नववीत होती. घर कासूजवळ. वडील डोलवीला कंपनीत कंत्राटावर, आई संगीताताई मिठागरात. पोरगी हुशार होतीच, पण त्याहून जास्त चिवट. एखादं काम हातात घेतलं की संपवल्याशिवाय जेवायची नाही. कौशल्य म्हणून तिने गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायला शिकायचं ठरवलं. सेवेसाठी मी तिला सोनूआजी सुचवल्या.

सोनूआजी रोह्याला, कुंडलिका नदीच्या बाजूला, माझ्या मामीच्या शेजारच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. डोळ्यांनी अजिबात दिसत नाही आणि खांदे धरल्यामुळे हात डोक्यापर्यंत जात नाहीत. प्राजक्ता दर शनिवारी शाळा सुटली की गाडी पकडून रोह्याला जायची. पाणी भरायची, आजींची नखं कापायची, केस विंचरायची. आजींचे केस या वयातही कमरेपर्यंत आहेत. जन्मभर अंबाडा घातलेल्या बाईला या पोरीने वेणी घालायला सुरुवात केली आणि तीही चौपेडी! "म्हातारीला कसली वेणी, लोक हसतील," असं आजी म्हणायच्या, पण शनिवारची वाट बघायच्या.

चौपेडीचंही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मिठाचा हंगाम सुरू झाला की मिठागरातल्या बायकांच्या बोटांना भेगा पडतात. केस त्या भेगांत अडकतात, म्हणून चार पेड एका वेळी सांभाळता येत नाहीत. मग वेणी घालणारी तीन पेड धरते आणि चौथा दुसऱ्या कुणाला तरी धरायला देते. संगीताताईंच्या घरी हे काम प्राजक्ताचं. शेजारणीची वेणी असो की मावशीची, आईने "धर गो" म्हटलं की लेकीने चौथा पेड धरायचा. स्वतःची वेणी घालून घेताना तर ती डोक्यामागे हात नेऊन स्वतःच धरायची.

जानेवारीत, मुक्कामाच्या शिबिराच्या आधीच्या आठवड्यात, प्राजक्ताला ताप आला. साधाच वाटला. सकाळी आई कामाला निघाली तेव्हा ती अंथरुणात उठून बसली होती आणि वेणी घाल म्हणत होती. संगीताताई म्हणाल्या, आल्यावर घालते. दुपारी ताप एकदम चढला. शेजाऱ्यांनी हॉस्पिटलात नेलं, पण आई मिठागरातून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी भेटायला गेले तेव्हा संगीताताई रडत नव्हत्या. एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होत्या. "बाई, केस मोकळेच राहिले वो तिचे. मोकळ्या केसांनीच गेली." मी त्यांचा हात धरून बसले. मिठाने खरखरीत झालेला तो हात अजून आठवतो.

सोनूआजींना मात्र कुणी कळवलंच नव्हतं. मामी दिवाळीपासून मुलाकडे पुण्याला होती आणि आजींकडे फोन नाही. होळी झाल्यावर मी धीर गोळा करून एका रविवारी रोह्याला गेले. अंध म्हातारीला हे कसं सांगायचं, त्याची वाक्यं मी गाडीत जुळवत होते.

आजी ओट्यावर बसल्या होत्या. केस तेल लावून चापूनचोपून विंचरलेले आणि पाठीवर ताजी चौपेडी वेणी.

मी कुणी घातली विचारलं. त्या म्हणाल्या, "कोन घालनार? प्राजूच. काल येऊन गेली की गो. हल्ली बोलत नाय जास्त, पन शनवार चुकवत नाय."

जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. आजींना डबा देणाऱ्या बाईला गाठलं. ती सकाळीच डबा ठेवून जाते. शनिवारी शाळेची कुणी मुलगी येते, एवढंच तिला माहीत होतं. शाळेत चौकशी केली, कुणीच जात नव्हतं.

हे मी संगीताताईंना सांगणार नव्हते, पण त्या प्राजक्ताची शिबिराची सॅक न्यायला शाळेत आल्या आणि मला राहवलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "चौपेडी होती? नक्की?" मी हो म्हटलं. "मग मला न्या बाई. मला एकदा तिला भेटायचं हाय."

त्याच शनिवारी मी पेणहून गाडीत बसले, त्या कासूला चढल्या. रोहा येईपर्यंत दोघी खिडकीबाहेर बघत होतो. त्यांनी पदराखाली काहीतरी घट्ट धरलं होतं. नंतर कळलं, लेकीचा कंगवा होता.

आम्ही आजींच्या घरात बसलो. संगीताताई कोण ते मी आजींना सांगितलं नाही, ओळखीच्या आहेत एवढंच म्हटलं. दुपार सरत चालली. कुणी आलं नाही. बाहेर पावलं वाजली की संगीताताई दाराकडे बघायच्या आणि पुन्हा मान खाली घालायच्या. त्यांना इथे आणून मी चूक केली, असं मला वाटायला लागलं.

"आज उशीर झाला वाटतं पोरीला," आजी म्हणाल्या आणि सवयीने वेणी पुढे ओढून खालून केस सोडत बसल्या.

ते मोकळे केस बघून संगीताताई उठल्या. आजींच्या मागे बसल्या, तेल लावलं, हळूहळू गुंता काढला आणि केसांचे चार पेड केले. मी समोर उंबऱ्याशी बसले होते. लाइट गेली होती, पंखा बंद, हवा अजिबात हलत नव्हती.

तीन पेड त्यांनी बोटांत धरले आणि चौथ्याशी आल्यावर, कितीतरी वर्षांच्या सवयीने, पुटपुटल्या, "धर गो." आणि पेड सोडला.

तो खाली पडला नाही.

ताणून धरल्यासारखा हवेत तिरपा राहिला. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. संगीताताईंचे हात क्षणभर थांबले, मग चालू लागले. पेडामागून पेड. सोडलेला प्रत्येक पेड अधांतरी थांबत होता आणि वेळ आली की आपसूक त्यांच्या बोटांत येत होता. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हात मात्र एकदाही अडखळला नाही.

आजींनी मान किंचित वळवली. "आज दोघी आल्यात व्हय गो?"

मी तर उंबऱ्यावरून हललेही नव्हते.

"एक हात खरखरीत हाय," आजी म्हणाल्या, "नि एक मऊ. मऊवाला आपल्या प्राजूचा."

"व्हय आजी," संगीताताई म्हणाल्या. "दोघी हाव."

वेणी पुरी झाली. टोक मुठीत धरून त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या. मी बाहेर ओट्यावर गेले, कारण ती भेट माझी नव्हती.

तेल लावलेले केस एकमेकांना चिकटतात, उन्हाने डोळे दिपतात, दुःखात माणसाला भास होतात... हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं. पण मग आधीच्या शनिवारच्या वेण्या कुणाच्या? आणि अंध आजींना तो मऊ हात कुणाचा लागला? आजींना आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. त्यांनीही त्यानंतर प्राजू का येत नाही, असं कधी विचारलं नाही.

संगीताताई आता दर शनिवारी रोह्याला जातात. मीही कधी कधी सोबत असते. चौथ्या पेडाशी आल्या की अजूनही त्या "धर गो" म्हणतात आणि बोटं सैल सोडतात. पेड खाली पडतो. मग तो उचलून त्या दातांत धरतात आणि वेणी पुरी करतात.