अक्कांची होळिगे आणि माझा जबरदस्त शेवट

बेंगळुरूत राहून मराठी कथा लिहिण्याचा मोठा फायदा म्हणजे शेजारीपाजारी त्या वाचत नाहीत. माणसं इथली उचलायची आणि छापायला पुण्याला धाडायची. याच भरवशावर मी मल्लेश्वरममधल्या आमच्या घरमालकीणबाईंना, अक्कांना, एका दिवाळी अंकात घातलं.

अक्कांचं घराणं इथं पिढ्यान्‌पिढ्यांचं. बोलतात मराठी, वाचतात कानडी. गुढीपाडव्याला त्यांच्याकडे पंगत असते आणि त्यांच्या होळिगेची, म्हणजे पुरणपोळीची, लोक वर्षभर आठवण काढतात. मनगटं दुखायला लागल्यापासून होळिगे कोपऱ्यावरच्या दुकानातून येते, हे फक्त मला ठाऊक. कारण पिशवीत वर कोथिंबीर पसरून ती आणतो मीच.

कथेच्या शेवटी मी भर पंगतीत त्या बाईचं बिंग फोडलं. संपादकांनी कळवलं, 'शेवट जबरदस्त!' आठवडाभर माझे पाय जमिनीला लागेनात.

एकदा अक्का चहाला आल्या आणि टेबलावरचा अंक त्यांनी चाळला.

"अय्यो, यात तुझा फोटो आहे की रे! वाचून दाखव. स्वल्पच."

सुरुवात छापल्याबरहुकूम वाचली. पुरण आलं आणि माझा धीर सुटला. वाचता वाचता मी त्या बाईची मनगटं बरी केली, तिच्या हाती लाटणं दिलं, पंगत तृप्त करून उठवली. लिहायला बसल्यावर मला इतकं सफाईदार कधी सुचत नाही.

"काय रे," अक्का म्हणाल्या, "एवढं सगळं एकाच पानात मावलं? पान काही उलटलं नाहीस तू."

मी पान उलटलं.

"आता छापलंय ते वाच."

वाचलं. 'जबरदस्त' शेवट कसाबसा पुटपुटलो.

"सगळ्यांसमोर पकडतात होय तिला?"

"हो, अक्का."

"मग पुढच्या पाडव्याला तिच्याकडं कोण जेवायला येतं?"

"ते... लिहिलं नाही. गोष्ट तिथंच संपते."

"सरी, बरं," म्हणून त्या उठल्या. चहा तसाच राहिला.

पाडव्याला मला दुकानात पाठवलं नाही. पंगतच मोडली असं धरून चाललो होतो, तर दुपारी बोलावणं आलं. पानं मांडलेली, आणि अक्का दुकानाचा खोका उघडा हातात धरून वाढताहेत.

"दुकानातली आहे हं. हात चालत नाहीत आता."

"असू दे, अक्का, असू दे," सगळे म्हणाले. पण त्या दुसऱ्यांदा वाढायला आल्या तेव्हा एकेकानं पानावर हात आडवा धरला. पोटं भरली होती म्हणे.

मी मागून घेतली. मग आणखी एक.

"पुरे रे. तू खाऊन काय होणार आहे?" अक्का म्हणाल्या. आणि तरीही पानात आणखी एक टाकून वर तूप सोडलं.